रेडिओग्राफीची पदवी परदेशात मान्य करून घेताना: विदर्भातल्या क्ष-किरण तंत्रज्ञांसाठी कागदापासून व्हिसापर्यंत

दारव्ह्याच्या किंवा एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात जुन्या मशीनवर, लाईट जात-येत असताना, कण्हणाऱ्या म्हाताऱ्याच्या खुब्याचा फोटो पहिल्याच खेपेला नीट काढणं हे कसब आहे. पण लंडनच्या किंवा दुबईच्या परिषदेला तो फोटो दिसत नाही. त्यांना दिसतो तो कागद: काय शिकवलं, किती तास शिकवलं, कुठल्या मशीनवर काम केलं आणि हे सगळं खरं आहे असं सही-शिक्क्यानिशी कोण सांगतंय. हा कागद परदेशात तयार होत नाही. तो कॉलेजच्या ऑफिसात, नाशिकच्या विद्यापीठात आणि एम.एस. (वैद्यकीय अधीक्षक) साहेबांच्या टेबलावर तयार होतो. म्हणून एजंटाकडे जाण्याआधी कागदांकडे वळा. शिकत असाल तर आजपासूनच.

आपल्याकडे नक्की काय आहे ते आधी ओळखा

विदर्भात ‘एक्स-रेचा कोर्स’ या एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी, म्हणजे परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी: तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. दुसरी म्हणजे अभिमत किंवा इतर विद्यापीठांची रेडिओलॉजीतली बी.एस्सी. तिसरी, दोन वर्षांचा डिप्लोमा. आणि चौथं म्हणजे सहा महिने ते वर्षभराचं प्रमाणपत्र, जे तालुक्याच्या गावी एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची संस्था देते.

चौथ्या प्रकाराबद्दल स्पष्टच सांगतो, त्यावर परदेशात नोंदणी होत नाही. आपल्याच देशाचा २०२१ चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा बघा. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी त्यात किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवी धरली आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी. वर्षभराचं प्रमाणपत्र यातल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. ते हातात असेल तर परदेशाचे पैसे भरण्याआधी बीपीएमटी किंवा बी.एस्सी. करा. उशीर होईल, पण दुसरी वाट नाही.

दोन वर्षांचा डिप्लोमा आणि चांगला अनुभव असेल तर आखाती देशांत तंत्रज्ञ म्हणून दार उघडतं. ब्रिटनमध्ये ते अवघड जातं, अशक्य नाही. पदवी आणि इंटर्नशिप असेल तर बहुतेक ठिकाणी निदान अर्ज तरी तपासला जातो.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये निदानाचा आणि उपचाराचा रेडिओग्राफर या दोन वेगळ्या वाटा आहेत. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयात लिनॅकवर, म्हणजे किरणोपचाराच्या मशीनवर, काम करणारी मुलगी उपचाराच्या बाजूला अर्ज करेल, सी.टी. चालवणारा मुलगा निदानाच्या. दोन्ही थोडं थोडं केलं असेल तर ज्याचं शिक्षण कागदावर भक्कम आहे तीच बाजू धरा.

फाईल: खरं काम इथेच आहे

सुरुवात नावापासून. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, बाकीचं दुसऱ्यात. लग्नानंतर आधार बदललेलं, डिग्री माहेरच्या नावाची. दहावीच्या सनदेवर ‘सुनिता’, डिग्रीवर ‘सुनीता’, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. मराठी वाचणाऱ्याला हे सगळं एकच माणूस वाटतं, पडताळणी करणाऱ्याला ती तीन माणसं वाटतात. पासपोर्ट काढतानाच दहावीच्या सनदेशी अक्षर न् अक्षर जुळवा. नाव खरोखरच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. सेतूत केलेलं नुसतं प्रतिज्ञापत्र सगळीकडे चालत नाही. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्रही इंग्रजीत काढून ठेवा. पासपोर्टसाठी विदर्भाचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे, पण बऱ्याच जिल्ह्यांत डाकघरातल्या केंद्रात काम होतं. साध्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, आणि पुढे लागणाऱ्या पोलीस क्लिअरन्सचं ५०० रुपये.

त्यानंतर विद्यापीठाचे कागद. गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र, विद्यापीठाच्या सहीने मिळतात. प्रोव्हिजनल पासिंग सर्टिफिकेटवर थांबू नका, दीक्षान्त पदवी प्रमाणपत्र मागवून घ्या. पडताळणीत ‘तात्पुरतं’ या शब्दावर गाडी अडते. नाशिकला स्वतः जायचं झालं तर वर्धा, बडनेरा, अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेस आहेच, पण आधी ऑनलाईन अर्ज करून पावती हातात घ्या आणि मगच तिकीट काढा. नुसतं जाऊन उभं राहिल्याने काम होत नाही.

अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत म्हणजे सिलॅबस. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला जो लागू होता तोच हवा, आजचा नव्हे. त्यात विषयवार थिअरी, प्रॅक्टिकल आणि क्लिनिकलचे तास दिसले पाहिजेत. बऱ्याच जुन्या सिलॅबसमध्ये विषय आहेत, तास नाहीत. मग कॉलेजच्या लेटरहेडवर तासांचा तक्ता करून घ्यावा लागतो. तो स्वतः टाईप करून न्या. विभागप्रमुख तपासून, दुरुस्त करून सही करतील, कोऱ्या कागदावरून सुरुवात करायला कुणाला वेळ नसतो. अर्ज अधिष्ठात्यांच्या नावाने लिहा, आवक क्रमांक घ्या आणि त्या क्रमांकावरच पाठपुरावा करा. ‘साहेबांना सांगितलंय’ याला ऑफिसात काही किंमत नसते.

इंटर्नशिपचं वेळापत्रक बहुतेक जण फेकून देतात, आणि तेच पुढे लागतं. किती आठवडे जनरल रेडिओग्राफी, किती कॅज्युअल्टी, किती सी.टी., किती एम.आर.आय., किती आय.व्ही.पी. आणि बेरियम, किती पोर्टेबल आणि ओ.टी.तला सी-आर्म, हे तारखांसकट नोंदवून दर महिन्याला इन्चार्जची सही घ्या. नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला इंटर्नशिप करणाऱ्याच्या हातून वर्षभरात इतकं काम जातं की दोनशे पानी वही सहज भरते. वही महाग नाही.

नोंदणी. महाराष्ट्रात परावैद्यक परिषदेकडे नाव नोंदवता येतं. परदेशी परिषद विचारते, ‘तुमच्या देशात तुमची नोंदणी आहे का, आणि तुमच्याविरुद्ध तक्रार नाही असं प्रमाणपत्र द्या.’ या दुसऱ्या कागदाला गुड स्टँडिंग म्हणतात. तो बहुतेक ठिकाणी काही महिन्यांपुरताच ग्राह्य धरतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा. नोंदणी मात्र आधी, पास होताच.

अनुभवाचं पत्र

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबू. ‘श्री. अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले, त्यांच्या भावी आयुष्यास शुभेच्छा’ या पत्राचा काडीचा उपयोग नाही. पत्रात पुढील गोष्टी पाहिजेत: पासपोर्टप्रमाणे नाव, नेमणुकीचं पद, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दिवसासह, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास किती, मशीनचा प्रकार, म्हणजे स्थिर एक्स-रे, सी.आर. की डी.आर., पोर्टेबल, सी-आर्म, सी.टी. किती स्लाईसचा, कोणत्या तपासण्या स्वतः करत होता, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, हुद्दा, फोन, ई-मेल, जावक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का. पत्र इंग्रजीत घ्या. मराठीत मिळालं तर अधिकृत भाषांतर जोडावं लागतं आणि तिथे नाव-तारखांच्या नव्या चुका शिरतात.

पद बदलून लिहून घेऊ नका. नेमणूक ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ म्हणून असेल तर पत्रातही तेच राहू द्या, कामाच्या वर्णनातून बाकीचं दिसतं. पत्रात ‘सीनियर रेडिओग्राफर’ आणि नेमणूक आदेशात ‘टेक्निशियन’ असं निघालं की पडताळणीत ती विसंगती ठरते.

ग्रामीण रुग्णालयात सही वैद्यकीय अधीक्षकांची चालते. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात कधी कधी प्रकरण जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात जातं, म्हणून महिना-दोन महिने हाताशी ठेवा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी मुलांची वेगळी भानगड आहे. अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड, पुन्हा आदेश. पत्रात सरसकट ‘२०१९ ते २०२४’ लिहिलं आणि आदेशांत पाच तुकडे निघाले की प्रश्न येतो. त्यापेक्षा पत्रातच प्रत्येक आदेशाचा क्रमांक आणि तारखा लिहून घ्या आणि खंड प्रशासकीय होता असं एक वाक्य टाकून घ्या. लपवलेला खंड अंगाशी येतो. सांगितलेल्याचा त्रास होत नाही.

खासगी एक्स-रे सेंटरचा अनुभव असेल तर पत्राच्या जोडीला नेमणूक पत्र, पगार बँकेत जमा झाल्याची विवरणपत्रं आणि सेंटरच्या अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवान्याची प्रत ठेवा. पगार रोखीने घेणाऱ्यांचा अनुभव खरा असूनही सिद्ध होत नाही. पुढे बाहेर जायचं मनात असेल तर आजच डॉक्टरांना म्हणा, पगार खात्यात टाका.

टी.एल.डी. बॅजचा, म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणाऱ्या बिल्ल्याचा, अहवालही फाईलला लावा. बॅज दर तीन महिन्यांनी बदलतो आणि तुमचा डोस तुमच्या क्रमांकावर नोंदला जातो. आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. हा अहवाल म्हणजे तुम्ही खरोखर किरणोत्सर्गाच्या जागी काम करत होता याचा स्वतंत्र पुरावा, आणि तो सहसा कुणाला सुचत नाही. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणाऱ्यांचा अहवाल अर्थातच कोरा येतो.

आखात: डेटाफ्लो आणि परीक्षा

आखातात प्रत्येक ठिकाणची परिषद वेगळी. दुबईत डीएचए, अबुधाबीत डीओएच, बाकीच्या अमिरातींत एमओएचएपी. सौदीत आरोग्य विशेषशाखांचा आयोग, ज्याचं ऑनलाईन दार म्हणजे मुमारिस प्लस. कतार, ओमान, बहरीन, कुवेत यांचे आपापले विभाग. सांगाडा मात्र सारखाच आहे: आधी पात्रता तपासणी, मग मूळ ठिकाणाहून कागदांची पडताळणी, मग संगणकावरची बहुपर्यायी परीक्षा, मग नोकरी मिळाल्यावर परवाना. क्रम देशागणिक थोडा मागेपुढे होतो. नव्या पदवीधराला अनेकदा ‘दोन वर्षं अनुभव आणा’ असं सांगितलं जातं, आणि कामात मोठा खंड पडलेला त्यांना आवडत नाही.

डेटाफ्लो ही पडताळणी करणारी कंपनी आहे. तुम्ही रंगीत स्कॅन आणि सही केलेलं संमतिपत्र चढवता. ते थेट विद्यापीठाला, रुग्णालयाला आणि परिषदेला विचारतात, ‘हा कागद तुम्हीच दिला का?’ उत्तर आलं आणि जुळलं तर अहवाल सकारात्मक. उत्तरच आलं नाही तर ‘पडताळणी होऊ शकली नाही’, आणि पैसे गेले. आपल्या भागात नकारापेक्षा मौनाचा त्रास जास्त. रुग्णालयाच्या ई-मेलवर परदेशी पत्र येतं, बाबू ते स्पॅम समजून सोडून देतो. अर्ज करण्याआधी आस्थापना शाखेत जाऊन त्या बाबूला भेटा, कुठल्या नावाने मेल येईल ते लिहून द्या, तुमच्या पत्राची जावक प्रत फाईलला लागली आहे का ते बघा. सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली असेल तर नव्या साहेबांना ती फाईल दाखवून ठेवा.

खोटं अनुभवपत्र लावू नका. पकडलं गेलं तर एका देशाचा नकार दुसऱ्या देशाच्या अर्जातही समोर येतो, आणि आखाताचं दार कायमचं बंद होऊ शकतं. सकारात्मक अहवालाचा मात्र फायदा आहे, तो शुल्क भरून दुसऱ्या परिषदेकडे वळवता येतो.

परीक्षा डीएचए आणि सौदीसाठी प्रोमेट्रिकच्या केंद्रात, अबुधाबीसाठी पिअर्सन व्ह्यूच्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना मुंबईपेक्षा बल्लारशाहून हैदराबाद जवळ पडतं, केंद्र निवडताना ते पाहा. प्रश्न पुस्तकी असतात, पण ज्याने भौतिकशास्त्र पाठ करून पास केलं त्याचं तिथे भागत नाही. केव्हीपी वाढवला तर कॉन्ट्रास्टचं काय होतं, ग्रिड लावल्यावर एमएएस का वाढवावा लागतो, वाढत्या अंतराबरोबर तीव्रता वर्गाच्या प्रमाणात कशी घटते, कॉन्ट्रास्टच्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर पहिलं काय करायचं, स्कॅफॉईडसाठी मनगट कुठे वळवायचं, हे समजून घ्या. सी.टी. आणि एम.आर.आय.ची मूलतत्त्वंही येतात, मग तुमच्या रुग्णालयात ती मशीन असोत वा नसोत.

ब्रिटन: एचसीपीसी

ब्रिटनमध्ये ‘रेडिओग्राफर’ हे नाव कायद्याने राखलेलं आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, यांच्याकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. इथे परीक्षा नाही, आणि म्हणूनच लोकांना हे सोपं वाटतं. उलट आहे. तुमच्याच व्यवसायातले दोन तपासनीस तुमचा अभ्यासक्रम आणि अनुभव त्यांच्या प्रावीण्य मानकांशी ओळ न् ओळ जुळवून पाहतात. ही मानकं १ सप्टेंबर २०२३ पासून बदलली आहेत, जुन्या मित्राचा २०१९ मधला अर्ज नमुना म्हणून वापरू नका.

अभ्यासक्रमाच्या माहितीचा एक फॉर्म कॉलेज किंवा विद्यापीठाने भरून, शिक्का मारून द्यायचा असतो. प्रत्येक विषयात काय शिकवलं, कसं शिकवलं, परीक्षा कशी घेतली, प्रत्यक्ष रुग्णांवर काम किती, कोणाच्या देखरेखीखाली. ‘रेडिओग्राफिक पोझिशनिंग, १०० गुण’ एवढ्यावर भागत नाही. सिलॅबसची पानं क्रमांकासह दाखवा.

आपल्या मुलांचे अर्ज साधारण कुठे कमी पडतात? पोझिशनिंगमध्ये नाही. कमी पडतात ते डोक्याचा सी.टी. स्वतंत्रपणे करता येणं, फोटोत नॉर्मल-ॲबनॉर्मल ओळखून लिहिणं, तपासणीची गरज तपासणं, संशोधन आणि ऑडिट, रुग्णाची संमती आणि गोपनीयता, स्वतःच्या कामाचं मूल्यमापन या गोष्टींत. आपल्याकडे फोटो तंत्रज्ञ काढतो, वाचतो डॉक्टर. तिथे रेडिओग्राफरने विचारायचं असतं की ही तपासणी मुळात करायलाच हवी का. हा फरक पदवीत नसेल तर तो अनुभवाने भरून काढता येतो. एचसीपीसी शिक्षण आणि अनुभव दोन्ही एकत्र धरते, आणि ग्रामीण भागातल्या उमेदवाराला हाच मोठा आधार आहे.

म्हणून तुमच्या रुग्णालयात फक्त साधा एक्स-रे असेल तर अर्जाआधी सहा महिने-वर्षभर नागपूर, अमरावती किंवा सावंगी-सेवाग्रामकडे सी.टी. असलेल्या जागी काम करा. पगार तेवढाच राहिला तरी चालेल. त्या काळात किती डोक्याचे सी.टी. केले याची नोंद ठेवा, रुग्णाचं नाव न लिहिता. एखादं छोटं ऑडिटही करून टाका: महिनाभरात किती फोटो पुन्हा काढावे लागले आणि का. हालचाल, चुकीची पोझिशन, कमी-जास्त एक्स्पोजर अशी कारणं मांडा, उपाय केल्यावर पुढच्या महिन्यात काय झालं ते लिहा, इन्चार्जची सही घ्या. दोन पानांचा हा कागद बरंच काही बोलतो.

निकाल तीन-चार प्रकारचा येतो: नोंदणी मान्य, आणखी माहिती द्या, तिथे येऊन ठरावीक काळ देखरेखीखाली काम करा किंवा चाचणी द्या, अथवा नकार. ‘आणखी माहिती’ आली तर खचू नका, ती सगळ्यांत कामाची पायरी आहे. नेमकं कुठलं मानक दिसत नाही ते त्यात लिहिलेलं असतं, तेवढ्याचाच पुरावा द्या. नकाराविरुद्ध २८ दिवसांत अपील करता येतं.

कामात खंड असेल तर तोही मोजला जातो. दोन ते पाच वर्षं काम सोडलं असेल तर ३० दिवसांची उजळणी, त्याहून जास्त असेल तर ६० दिवसांची. लग्न-बाळंतपणात थांबलेल्या मुलींनी हे आधीच हिशेबात धरावं. थोडंथोडकं पण पगारी काम चालू ठेवलं तर हा प्रश्नच येत नाही.

नोंदणीनंतर नोकरी, आणि नोकरीनंतर व्हिसा, हा क्रम. परवानाधारक मालकाने प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र दिलं की हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा मिळतो. त्यात आरोग्य अधिभार माफ असतो. सरकारी एनएचएसमध्ये नवीन रेडिओग्राफर बँड ५ या पगारश्रेणीवर लागतो, २०२५-२६ मध्ये तिची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून होती. आकडा मोठा दिसतो, पण कर आणि घरभाडं वजा जाता उरतं ते मोजून घ्या. लंडनमध्ये आणि लहान गावात त्यात फार तफावत पडते.

बाकीचे देश, थोडक्यात

आयर्लंडची परिषद कोरू. तिची पद्धत ब्रिटनसारखीच कागदांवर चालणारी, कमतरता निघाली तर चाचणी किंवा देखरेखीखालचा काळ. ऑस्ट्रेलियात दोन वेगळी दारं आहेत, आणि लोक त्यांत घोळ घालतात: काम करायला मेडिकल रेडिएशन प्रॅक्टिस बोर्डाची नोंदणी, स्थलांतराच्या व्हिसासाठी एएसएमआयआरटीचं कौशल्य मूल्यांकन. एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही. कॅनडात आधी प्रांताची परिषद कागद तपासते, मग राष्ट्रीय परीक्षा.

जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून नवा कायदा आहे आणि पदाचं नाव एमटीआर, म्हणजे रेडिओलॉजीचा वैद्यकीय तंत्रज्ञ. तुमचे तास त्यांच्या तासांशी ताडून पाहतात आणि कमतरतेची लेखी यादी देतात. ती भरून काढायला प्रशिक्षण किंवा परीक्षा. जर्मन भाषा बी-२ पातळीची लागते, म्हणजे शून्यापासून दीड-दोन वर्षं मन लावून. कष्ट भाषेचे आहेत, पण वय कमी असेल तर विचार करण्यासारखी वाट आहे.

अमेरिका मात्र बहुतेकांनी डोक्यातून काढलेली बरी. तिथल्या एआरआरटी परीक्षेला बसायला त्यांना मान्य असलेल्या संस्थेतलं शिक्षण लागतं, आपली पदवी थेट चालत नाही. ‘एआरआरटी करून देतो’ म्हणणारा क्लास दिसला तर हे आठवा.

इंग्रजी

एचसीपीसीला आयईएलटीएस ॲकॅडेमिकमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको. जनरल ट्रेनिंग चालत नाही. ब्रिटनच्या व्हिसालाही इंग्रजीचा पुरावा लागतो आणि तो परीक्षेने द्यायचा तर ती यूकेव्हीआय प्रकारची, म्हणजे त्यांच्या व्हिसा विभागाला मान्य असलेली, हवी. म्हणून पहिल्यापासूनच ‘यूकेव्हीआय ॲकॅडेमिक’ द्या, थोडे पैसे जास्त पडतात पण दुसऱ्यांदा बसावं लागत नाही. गुण दोन वर्षं चालतात. फाईल तयार व्हायच्या आधी परीक्षा दिली तर गुण संपतात आणि फाईल तशीच राहते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी ओईटी ही परीक्षाही आहे, तिच्यात रेडिओग्राफी हा वेगळा विभाग आहे.

मराठी माध्यमातल्या मुलांचे गुण लिहिण्याच्या भागात अडतात. तासाभरात दोन लेखन, एक १५० शब्दांचं, एक २५० शब्दांचं. व्याकरणापेक्षा मुद्दा शेवटपर्यंत धरून ठेवणं जमत नाही. रोज एक निबंध घड्याळ लावून लिहा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या, स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. ऐकण्यासाठी बातम्यांपेक्षा ब्रिटिश रुग्णालयातले संवाद ऐका, तेच पुढे मुलाखतीला कामी येतात.

मुलाखतीत काय वेगळं विचारतात

ब्रिटनमध्ये रुग्णाची ओळख तीन प्रश्नांनी पटवतात: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि ते रुग्णाने स्वतः सांगायचं. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी असते, त्यामुळे ही सवय आपल्याला लागतच नाही. ती लावून घ्या. गर्भधारणेची चौकशी तिथे साधारण १२ ते ५५ वयात, छातीच्या पडद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या तपासणीसाठी करतात, आणि ती लेखी असते. रुग्णांवर किरण वापरण्याबद्दलचे २०१७ चे आयआर(एमई)आर नियम वाचा: पाठवणारा, परवानगी देणारा, प्रत्यक्ष करणारा अशा वेगळ्या जबाबदाऱ्या त्यात आहेत. ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं’ हे उत्तर दिलं की मुलाखत तिथेच संपते.

आपण अभिमानाने सांगतो की रुग्णाला लेड शिल्ड लावतो. ब्रिटनमध्ये २०२० च्या मार्गदर्शनानुसार रुग्णाच्या अंगावर शिल्ड लावणं बहुतांश तपासण्यांत बंद केलं आहे. चांगलं कोलिमेशन, म्हणजे किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागावर आखणं, आणि योग्य एक्स्पोजर यावर भर आहे. हे माहीत असलं की तुम्ही वाचणारे आहात हे कळतं.

छातीचा फोटो, स्वतःचा

रोज दुसऱ्यांचे चेस्ट काढणारे आपण स्वतःचा काढत नाही. अर्जाला पैसे लावण्याआधी एकदा पी.ए. काढून रेडिओलॉजिस्टला दाखवा. आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीत जुन्या, भरून आलेल्या क्षयाचा डागही ‘अनफिट’ ठरवू शकतो. लहानपणी औषधं घेऊन बरा झालेला माणूस सगळे पैसे भरून शेवटच्या पायरीवर घरी बसतो. ब्रिटनला डाग चालतो, फक्त रोग चालू नसल्याचं सिद्ध व्हावं लागतं. त्यांचं क्षय तपासणीचं प्रमाणपत्र मान्य केंद्रातूनच घ्यावं लागतं आणि ते सहा महिनेच चालतं. हिपॅटायटिस बी ची लस आणि तिचा टायटर (लसीने प्रतिकारशक्ती आली का याचा) अहवाल आधीच करून ठेवा.

पैसे आणि एजंट

कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागतं का, हे देशावर अवलंबून. भारत २००५ पासून हेग करारात आहे, त्यामुळे त्या करारातल्या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. संयुक्त अरब अमिरातीसारख्या ठिकाणी दूतावासाचा शिक्काही लागतो. मंत्रालयाचं अपोस्टिल शुल्क कागदामागे ५० रुपये, वर ठरलेलं सेवाशुल्क. यासाठी कुणी कागदामागे पाच-सात हजार मागत असेल तर ते धावपळीचे पैसे आहेत, सरकारचे नाहीत, एवढं समजून द्यायचे तर द्या.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ब्रिटनच्या भरती संहितेनुसार तर आरोग्य कर्मचाऱ्याकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायचेच नसतात. तीन-चार लाख मागणारा, वावर गहाण ठेवायला लावणारा, ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे परवाना काढू’ म्हणणारा, मूळ पदवी ‘आमच्याकडे जमा करा’ म्हणणारा, हे चौघंही एकाच माळेचे. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, स्कॅन पुरतात.

सरकारी नोकरीत असाल तर पासपोर्टच्या वेळीच कार्यालयाला कळवा आणि ना-हरकतीची फाईल फिरवायला सुरुवात करा. राजीनामा देऊन कार्यमुक्ती आदेश हातात पडल्याशिवाय शेवटच्या तारखेचं अनुभवपत्र निघत नाही. आणि ते निघालं नाही तर डेटाफ्लोमध्ये तुमचा अनुभव ‘चालू’ दिसतो आणि पडताळणीत प्रश्न उभा राहतो. कार्यमुक्ती आदेशाची मूळ प्रत, सेवापुस्तकाची झेरॉक्स आणि शेवटचं पगार प्रमाणपत्र रुग्णालय सोडायच्या दिवशीच घेऊन निघा. नंतर त्यासाठी परदेशातून फोन करून काही होत नाही, घरच्यांनाच खेटे घालावे लागतात.